थेंबभर चुकलेली टेकडी

नकाशा मास्तरांनी हरवला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण स्वतः मास्तरांनी ते त्या दिवशी दुपारी दोनपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

झालं ते अगदी साधं. सकाळी सातला मिस्त्रींच्या गाडीत बसताना मास्तरांच्या एका हातात चहाचा थर्मास होता, दुसऱ्या हातात उकडलेल्या अंड्यांचा डबा आणि काखेत नकाशाची गुंडाळी. गाडीचं दार उघडायला तिसरा हात लागतो. तो नसल्यामुळे त्यांनी गुंडाळी घटकाभर गाडीच्या टपावर ठेवली, दार उघडलं, थर्मास पायाशी ठेवला, डबा मांडीवर घेतला, दार लावलं आणि "चला" म्हणाले. चला म्हणताना काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटलंही. पण चौसष्टाव्या वर्षी माणसाला घरातून निघताना रोजच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. गॅस बंद आहे, किल्ली खिशात आहे, चष्मा नाकावर आहे, एवढं मनात मोजून ते गप्प बसले.

बारा किलोमीटरवर पहिला फाटा आला. पुढच्या सीटवरून नकाशेंनी हात मागे केला. "मास्तर, नकाशा द्या जरा."

मास्तरांनी डबा उचलून पाहिला. थर्मास उचलून पाहिला. मग एकदम सगळं आठवलं.

"मागे असेल," ते म्हणाले. हे खोटं नव्हतं. नकाशा खरोखरच मागे होता, बारा किलोमीटर मागे.

मिस्त्रींनी गाडी बाजूला घेतली. गाडीच्या मागच्या भागात त्यांचं गवंडीकाम भरलेलं असायचं: थाप्या, ओळंबा, दोन घमेली, उरलेल्या फरशा आणि लेव्हल बघायची प्लास्टिकची लांब नळी. मागच्या दाराची कडी मोडल्याला सहा वर्षं झाली होती, ते सुतळीनं बांधलेलं असे. आज ते वीतभर उघडं होतं.

"मिस्त्री, दार नीट बांधलं नव्हतंत," नकाशे म्हणाले.

"तीन गाठी मारल्या होत्या."

"एकच दिसतेय."

"मग दोन सुटल्या असतील," मिस्त्री म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ उभ्या करणारा हा माणूस स्वतःच्या दाराच्या बाबतीत कच्चा होता, आणि ते त्यांनाही माहीत होतं. गाडी वळवून तिघं तीन किलोमीटर उलटे गेले, रस्त्याच्या कडा बघत. सापडली एक चप्पल, तीही डाव्या पायाची. बोलायची वेळ हीच होती. मास्तरांनी तोंड उघडलंही. तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "माझंच चुकलं बुवा," आणि मास्तरांनी उघडलेल्या तोंडात एक अंडं टाकलं.

"राहू द्या," नकाशे म्हणाले. "पाठ आहे मला."

आता ही मंडळी कोण आणि निघाली कुठे, ते सांगायला हवं.

मास्तर भूगोलाचे. एकतीस वर्षं त्यांनी सातवीच्या वर्गाला जिल्ह्यातला सर्वोच्च बिंदू शिकवला: उंची सहाशे बारा मीटर, परीक्षेत एक मार्क हमखास. फळ्यावर ते त्याचं चित्र काढत. टोकदार डोंगर, कडेला दोन ढग. स्वतः ते तिथे कधी गेले नव्हते. पाठ झालेली गोष्ट बघायला कोण जातं? मिस्त्री हे गवंडी, मास्तरांपेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण केसांना काळा रंग लावत असल्यामुळे ही गोष्ट कुणाला पटत नसे. तिघांची ओळख बागेतल्या बाकावरची, संध्याकाळी पाच ते सात, नऊ वर्षांची.

आणि नकाशे. नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव विजेच्या बिलावर आहे, पण वीज कंपनी सोडून त्यांना त्या नावानं कुणी हाक मारत नाही. नकाशे मोजणीच्या ऑफिसात ट्रेसर होते. सर्व्हेअर लोक उन्हातान्हात फिरून जमीन मोजून आणत आणि त्यांनी आणलेली मापं नकाशे शाईनं कागदावर उतरवत. एकोणतीस वर्षं एकाच उंच स्टुलावर, एकाच खिडकीशी, उजेड डावीकडून येईल असे बसून. लांब रेघ ओढताना श्वास रोखून धरायचा, कारण श्वासानं हात हलतो. ही सवय इतकी मुरली की निवृत्त झाल्यावरही ते कपात चहा ओतताना श्वास रोखतात, सही करताना रोखतात. लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा तर तिची बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही. शेवटी वहिनींनी पाठीत थाप मारली.

ब्रेडचे तुकडे ते असे कापतात की चारही एकावर एक ठेवले तर एकच वाटावा. रस्ता ओलांडताना काटकोनात ओलांडतात. जिल्ह्यातला प्रत्येक ओढा, प्रत्येक पायवाट त्यांच्या बोटाखालून गेलेली. मात्र पाय त्यातल्या कशालाच लागलेला नाही. ट्रेसरनं बाहेर जायची पद्धतच नव्हती. बाहेर गेलं की हाताला घाम येतो आणि घामानं कागद बिघडतो, असं साहेबांचं म्हणणं होतं. सगळा जिल्हा पाहिलेला, पण फक्त वरून, पक्ष्यासारखा. आणि पक्ष्याला कुणी पत्ता विचारत नाही.

सहलीचं कारण त्यांनी बुधवारी बाकावर सांगितलं होतं.

"रविवारी मेव्हणा जेवायला येतोय."

मास्तर आणि मिस्त्री एकमेकांकडे बघत राहिले. नकाशेंना मेव्हणा आहे हेच नऊ वर्षांत त्यांना ठाऊक नव्हतं.

मेव्हणा म्हणजे वहिनींचा मोठा भाऊ. त्याच ऑफिसात सर्व्हेअर. तो सर्वोच्च बिंदू मोजला त्यानं आणि कागदावर काढला नकाशेंनी. नकाशात अशी जागा एका छोट्या त्रिकोणानं दाखवतात. त्या त्रिकोणाच्या भरवशावर तिथे पाण्याची बैठी टाकी बांधली गेली. टाकी सगळ्यात उंच जागी असली की पाणी आपल्या पायानं सगळीकडे उतरतं, असा हिशेब. नळ सोडले, आणि जवळच्याच वस्तीत पाणी चढेना. चौकशी बसली. मेव्हण्याच्या फील्डबुकातली नेमकी तीच पानं वाळवीनं खाल्लेली. ऑफिसनं ठरवलं की मोजणी चुकली. मेव्हण्याची बढती थांबली आणि बदली अशा कोपऱ्यात झाली की तिकडचा रस्ता नकाशातसुद्धा तुटक रेघेचा होता. जायच्या आदल्या दिवशी तो नकाशेंच्या दारात आला आणि चपला न काढता त्यानं विचारलं, "माझा त्रिकोण कुठे टाकलास?" नकाशे म्हणाले, "दिलास तिथे." तो गेला. त्याला सव्वीस वर्षं झाली. वहिनी दर वर्षी एकट्याच माहेरी जातात आणि येताना भावाकडून नवऱ्यासाठी एका शब्दाचाही निरोप आणत नाहीत.

"मग तुम्ही दिला तिथेच टाकलात ना?" मिस्त्रींनी विचारलं होतं.

नकाशे बराच वेळ बाकाच्या फळीवर नखानं रेघ ओढत राहिले. "त्या दिवशी शाईचा एक थेंब पडला. नेमका त्रिकोणावर. मी तो अर्ध्या ब्लेडनं खरवडला आणि त्रिकोण पुन्हा काढला. अंदाजानं. तेव्हा वाटलं, तिथेच काढला."

"आणि आता?"

"आता कधी वाटतं तिथेच काढला. कधी वाटतं थेंबभर डावीकडे. कागदावर थेंबभर म्हणजे जमिनीवर दोनशे पावलं."

"थेंबाचं चौकशीत सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. हिलासुद्धा."

तर नकाशेंचा बेत असा होता. सर्व्हेअर जिथे यंत्र लावतो तिथे खुणेचा एक दगड पुरतो, त्यावर छिन्नीनं फुली कोरलेली असते. तो दगड टाकीपाशी निघाला तर चूक मेव्हण्याची. दुसरीकडे निघाला तर चूक ट्रेसरची, म्हणजे नकाशेंची. रविवारच्या आत कळायला हवं होतं.

"कशाला? पहिल्यांदा कुणाच्या ताटात वाढायचं ते ठरवायला?" मिस्त्री म्हणाले.

"माफी कुणी मागायची ते ठरवायला," नकाशे म्हणाले, आणि मग मिस्त्रींनी पुढची थट्टा पोटातच ठेवली.

आणि म्हणून शुक्रवारी सकाळी नकाशा काढणारा माणूस नकाशाशिवाय, डोक्यातल्या कागदावरून गाडी चालवून घेत होता.

"सरळ. अजून दोन बोटं."

"काय दोन बोटं?" मिस्त्रींनी विचारलं.

"एक बोट म्हणजे पाऊण किलोमीटर."

"तुमचं बोट की माझं? माझं बोट धरलंत तर आपण पुढच्या जिल्ह्यात जाऊ." मिस्त्रींची बोटं खरंच केळ्यांसारखी होती.

दोन बोटांनंतर नकाशेंच्या म्हणण्याप्रमाणे उजवीकडे विहीर यायला हवी होती. तिथे मोटारींची धुलाई करायचं दुकान होतं. पुढे ओढा यायला हवा होता. तिथे दुभाजक आला. नकाशे चकित होऊन खिडकीबाहेर पाहत होते, आपल्या घरात कुणी न विचारता सामान हलवलं असावं तसे.

"आपण आता जिल्ह्याच्या नावातल्या दुसऱ्या अक्षराच्या पोटात आहोत," ते मध्येच म्हणाले.

"कशात?" मास्तरांनी विचारलं.

"नकाशावर नाव मोठ्या अक्षरांत आडवं लिहिलेलं होतं ना. दुसऱ्या अक्षराच्या पोटात मी काही दाखवू शकलो नाही, जागाच नव्हती. त्यामुळे इथलं मला काही माहीत नाही." मग थोडं थांबून, "इथे एक शाळा होती. ती मी गाळली."

शाळा अजूनही होती. गाडी तिच्या फाटकासमोरून गेली तेव्हा नकाशेंनी तिच्याकडे न बघता समोर बघितलं.

मास्तरांनी मोबाइल काढला. मोबाइलला वाटेतले सगळे पेट्रोल पंप माहीत होते, दाढीची दुकानंसुद्धा. पण सर्वोच्च बिंदू म्हणताच तो गोल गोल फिरत राहिला. एका फाट्यावर नकाशे अडले. डावीकडे की उजवीकडे, काही केल्या आठवेना.

"पाठ होता ना?" मिस्त्री म्हणाले.

"इथे कागदाची घडी होती. घडीवरची शाई उडाली होती."

घडीवर तिघांनी मिळून उजवीकडे जायचं ठरवलं आणि एका वीटभट्टीत पोहोचले. तिथून परत. मग डावीकडे. तिथे सायकलला दुधाचे कॅन लावून एक गृहस्थ चालले होते. मास्तरांनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "जिल्ह्यातला सर्वोच्च बिंदू कुठे आहे हो?"

गृहस्थांनी पाय टेकला. "कुणाकडे जायचंय?"

"कुणाकडे नाही. सर्वांत उंच जागा. सहाशे बारा मीटर."

"इथे तसं कुणी राहत नाही," गृहस्थ म्हणाले आणि विचारात पडले. "पाण्याची टाकी म्हणता का? ती मागे गेली. तुम्ही तिच्यावरूनच आलात."

"शक्य नाही," मिस्त्री म्हणाले. "गियर बदलावा लागला नाही मला."

ते परत फिरले. टाकीसमोरून ते याआधी दोनदा गेले होते, आणि दोन्ही वेळा मास्तर डोंगर दिसतो का म्हणून लांब क्षितिजाकडे पाहत होते.

गाडी थांबली. मास्तर उतरले आणि त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. चहूकडे सपाट शेतं. त्यात पाठीवर गळू यावं तसा एक उंचवटा, त्यावर शेवाळलेली बैठी टाकी, पंपाची खोली, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. दोनशे पावलांवर तसाच दुसरा उंचवटा, त्यावर एकच झाड. त्या झाडामागे वस्ती. संपलं. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की हा सगळा प्रदेशच मुळात सहाशे मीटरवर आहे. म्हणजे बिंदूची स्वतःची अशी उंची बारा मीटर, आणि त्यातली बरीचशी ते घराजवळच चढून चुकले असावेत. एकतीस वर्षं ते मुलांना ढग काढायला लावत होते. एका मुलानं एकदा उत्तरपत्रिकेत डोंगराऐवजी नुसती आडवी रेघ काढली होती. त्याला त्यांनी शून्य दिलं होतं.

"मास्तर, धाप लागली का?" मिस्त्रींनी विचारलं. "बसा जरा. उंचावर हवा विरळ असते."

पंपाच्या खोलीतून एक बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पंप सुरू-बंद करायचं काम त्यांच्याकडे होतं. "काय पाहिजे दादा?" असं त्यांनी मिस्त्रींना विचारलं आणि मास्तरांकडे वळून, "आजोबा, सावलीत बसा." मिस्त्रींनी केसांवरून हात फिरवला.

तिघांनी टाकीभोवती दगड शोधला. मिस्त्रींनी थापीनं माती उकरली, नकाशे गुडघ्यावर बसून ती हातानं बाजूला करत होते. दोन बाटल्यांची झाकणं निघाली, एक चमचा निघाला, फुलीचा दगड निघाला नाही.

"म्हणजे दगड तिकडे असणार," मास्तर झाडाकडे बोट दाखवून म्हणाले.

"किंवा टाकी बांधताना उचलून फेकला असेल," मिस्त्री म्हणाले. "आम्ही पाया खणताना दगडाला नाव विचारत नाही. आधी हे बघू या की उंच कुठलं आहे."

त्यांनी गाडीतून लेव्हलची नळी आणली. बाईंकडून बादलीभर पाणी घेऊन ती भरली. पारदर्शक नळीची दोन टोकं दोन हातांत उभी धरली की दोन्हीकडचं पाणी एका पातळीत थांबतं. त्या दोन पातळ्यांवरून नजर लावली की ती सरळ आडवी जाते. मास्तरांनी झाडाच्या उंचवट्यावर जाऊन ताठ उभं राहायचं. मास्तर आणि नकाशे उंचीनं सारखे. मिस्त्रींनी पाठीला पाठ लावून खात्री करून घेतली. नकाशेंची नजर मास्तरांच्या डोळ्यांवर लागली तर दोन्ही जागा सारख्या. डोक्यावरून गेली तर टाकी उंच. डोळ्यांच्या खाली लागली तर झाड उंच.

हे सगळं मास्तरांना नीट समजलं होतं. दोनशे पावलं चालून जाईपर्यंत त्यातलं अर्धं विसरलं.

"उभे राहा," टाकीकडून मिस्त्रींचा आवाज आला.

"उभाच आहे."

"मग दिसत का नाही?"

मास्तर झाडामागच्या खळग्यात उभे होते. ते वर आले. मग त्यांना वाटलं, टोपीमुळे माप चुकेल, म्हणून ती काढायला वाकले.

"वाकू नका. जमीन खाली गेली असं वाटतंय."

"कुठली जमीन?"

"तुमची."

मास्तरांनी मोबाइलवरून बोलायचा प्रयत्न केला. जिल्ह्यातल्या सर्वांत उंच जागी रेंज नव्हती. तिकडे नळीतलं पाणी डुचमळत होतं, थांबायला तयार नव्हतं. मिस्त्रींचे हात कापत होते, वय झालं की होतं तसं. मग नकाशेंनी दोन्ही टोकं स्वतःच्या हातात घेतली आणि श्वास रोखला. मास्तरांना ते दोनशे पावलांवरूनही कळलं. तो माणूस एकदम चित्रातला झाला. पाणी थांबलं.

ते तसे उभे राहिले, एक मिनिट तरी. मग नकाशे काहीतरी पुटपुटले आणि मिस्त्री ओरडून म्हणाले, "पट्ट्याला. तुमच्या कमरेच्या पट्ट्याला लागतंय."

मास्तरांनी पट्टा पाहिला, जणू तिथे खूण उमटली असेल. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे तुम्ही उभे आहात ती जागा चांगली हातभर उंच."

म्हणजे टाकी चुकीच्या जागी होती. नकाशातला त्रिकोण चुकीच्या जागी होता. एवढं ठरलं. तो चुकवला कुणी, हे मात्र तिथेच राहिलं, कारण झाडाच्या उंचवट्यावरही तिघांनी तासभर उकरलं आणि दगड तिथेही निघाला नाही. एक खड्डा होता खरा, दगड काढून नेल्यावर राहतो तसा. पण तसे खड्डे आजूबाजूला आणखी चार होते.

दगड शेवटी मिस्त्रींना सापडला, तो हात धुवायला गेले तेव्हा. पंपाच्या खोलीमागे बाईंचा कपडे धुवायचा दगड होता, वापरून गुळगुळीत झालेला. त्याची कड मिस्त्रींना ओळखीची वाटली. तिघांनी जोर लावून तो उलटा केला. खाली, मातीत, छिन्नीनं कोरलेली स्वच्छ फुली.

नकाशे तिच्यावरून बोट फिरवत राहिले. "त्याचा हात आहे," ते म्हणाले. "डावी रेघ नेहमी थोडी लांब काढायचा."

"बाई, हा दगड कुठून आणला?" मास्तरांनी विचारलं.

"सासूबाईंनी आणला. मी लग्न होऊन आले तेव्हा होताच."

"पण कुठून?"

"वरून."

"वरून म्हणजे कुठल्या वरून? इथून की झाडापासून?"

"आता सगळंच वर आहे की हो इथे."

"सासूबाई?"

"त्या गेल्या. सात वर्षं झाली." मग त्यांनी तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "दगड सरकारी आहे का? न्यायचाय? मग धुणं कशावर धुऊ?"

नाही, नाही, असं तिघंही एकदम म्हणाले आणि दगड होता तसा ठेवून दिला. नकाशेंनी त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतून माती धुऊन काढली. ओतताना श्वास रोखला होता.

"तिकडच्या वस्तीत पाणी चढत नाही ना?" त्यांनी बाईंना विचारलं, अगदी हळू.

"चढतं की. मोटर बसवली ना, त्याला बावीस वर्षं झाली. आधी नव्हतं चढत. आम्ही बायका हंडे भरून नेत होतो, चार-पाच वर्षं."

"चार-पाच वर्षं," नकाशे म्हणाले.

"टाकी चुकीच्या ठिकाणी बांधलीय म्हणतात. बांधणाऱ्यानं चूक केली असेल."

"बांधणाऱ्यानं नाही," मिस्त्री ताडकन म्हणाले. "जिथे सांगितलं तिथे बांधतो तो. काही झालं की गवंड्याचं नाव. भिंतीला ओल आली, गवंडी. नकाशा पडला, गवंडी. तीन गाठी मारल्या होत्या मी, तरी गवंडी."

त्यानंतर ते टाकीच्या सावलीत तिघांपासून थोडे लांब, म्हणजे खरं तर दोघांपासून, पाठ करून बसले. मास्तरांनी डबा उघडला. नकाशेंनी ब्रेड कापला. दोन वाजले होते.

"मिस्त्री," ते म्हणाले, "दाराचा काही संबंध नव्हता. नकाशा मी टपावर ठेवला होता. तसाच राहिला. मला बारा किलोमीटरवरच आठवलं होतं."

मिस्त्री वळले नाहीत. चादरी वाऱ्यानं हलत होत्या. नकाशेंच्या हातातली सुरी ब्रेडवर तशीच थांबली होती.

"म्हणजे गाठी तीन होत्या," मिस्त्री म्हणाले.

"असतील."

"असतील नाही. होत्या म्हणा."

"होत्या."

"तीन."

"तीन होत्या, मिस्त्री."

मिस्त्री मग वळले, सरकत सरकत जवळ आले आणि डब्यात डोकावले. "अंडी किती उरली?"

"एक."

"द्या इकडे. सकाळी तोंड उघडून काय बोलायला निघाला होतात ते आत्ता कळलं मला." त्यांनी ते अंडं सोललं, टरफलं नीट कागदात गुंडाळली, आणि तो विषय तिथे मिटला. इतका लवकर मिटला की मास्तरांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. सकाळपासून त्यांनी त्याचं केवढं ओझं वाहिलं होतं.

नकाशेंनी श्वास सोडला. तो किती वेळ धरला होता कुणास ठाऊक, पण तो सुटल्याचा आवाज दोघांनाही ऐकू आला.

"चला," ते म्हणाले. "मला हिला सांगायचंय. थेंबाचं. रविवारी त्यालाही सांगेन. चूक माझी होती म्हणून."

मास्तर गोंधळले. भूगोल सोडला तरी शिक्षकपण सुटत नाही. उत्तराला कारण लागतं. "अहो, पण नकाशे, सिद्ध कुठे झालं? दगड कुठला ते कळलं नाही. त्यानं स्वतःच टाकीपाशी पुरला असेल तर?"

"असेल."

"सासूबाईंनी झाडापासून आणला की इथून, कुणालाच माहीत नाही."

"नाही."

"थेंब पडल्यावरही त्रिकोण तुम्ही बरोबर जागीच काढला असेल."

"तेही असेल."

"मग निम्मी शक्यता तुमच्या बाजूनं असताना तुम्ही माफी मागणार कशाच्या आधारावर?"

नकाशेंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं, तो काखेत धरला, रिकामा डबा एका हातात घेतला, दुसऱ्या हातानं गाडीचं दार उघडलं आणि टपावर काही राहिलं नाही ना ते बघितलं.

"जेवायला मेव्हणा येणार आहे मास्तर, दगड नाही."